कमरेला पिस्तूल, समोर पोलीस आणि वर्गणीची पावती : अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

मी टेक्सासमध्ये फौजदारी आणि इमिग्रेशनची वकिली करते. सध्या येणाऱ्या पत्रांत बंदुकीबद्दलचे प्रश्न वाढले आहेत, म्हणून या वेळची प्रश्नोत्तरं त्याच विषयावर. बंदुकीचा कायदा राज्यागणिक बदलतो आणि कोर्टाच्या निकालांनी वर्षा-दोन वर्षांत फिरतोही. इथलं वाचून पाऊल उचलण्याआधी तुमच्या राज्यातल्या वकिलाला एकदा विचाराच.

प्रश्न : लेकीकडे फ्रिस्कोला आलोय. परवा किराणा आणायला गेलो, तर रांगेत पुढे एक गृहस्थ, कमरेला उघडं पिस्तूल, ट्रॉलीत दुधाचा कॅन. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. हे चालतं? मी पोलिसांना कळवायला हवं होतं का? (सांगलीचे एक आजोबा)

काका, टेक्सासमध्ये चालतं. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडं बाळगता येऊ लागलं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीही अट गेली. कायद्यात वय २१ पूर्ण लिहिलं आहे, पण २०२२ मध्ये एका फेडरल कोर्टाने १८ ते २० वयाच्यांवरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली; पिस्तूल होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावलेल्या म्यानात) हवं आणि त्या माणसाला कायद्याने शस्त्रबंदी नसावी. इलिनॉय, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत असं उघड फिरता येत नाही. फ्लोरिडात १९८७ पासून बंदी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवली.

दुकानदाराला मात्र आपल्या जागेत मनाई करता येते. टेक्सासमध्ये दारावरच्या पाट्या नीट पाहा. ‘३०.०७’ असा आकडा असलेली पाटी उघड्या पिस्तुलाला मनाई करते, ‘३०.०६’ लपवलेल्याला. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं निदान एक इंच उंच, हेसुद्धा कायद्यात लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हत्याकांड झालं आणि पुढच्याच महिन्यात वॉलमार्टने ग्राहकांना उघडी शस्त्रं आणू नका अशी विनंती केली.

पोलिसांना कळवायचं का? पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे आणि माणूस भाजी निवडतोय, तर नाही. अस्वस्थ वाटलं तर दुकानाच्या मॅनेजरला सांगा किंवा सरळ बाहेर पडा. हातात घेतलं, कुणावर रोखलं, धमकावलं, तर मात्र आधी लांब जा आणि मग ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. फोनवर डोळ्यांनी दिसतंय तेवढंच सांगा, मनातली भीती त्यात मिसळू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड नावाचा २२ वर्षांचा तरुण दुकानाच्याच फळीवरची छऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत हिंडत होता. तो लोकांवर बंदूक रोखतोय, असं कुणीतरी ९११ ला सांगितलं. पोलीस आले आणि काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या. ओहायोत खरी बंदूक उघडी बाळगणंही कायदेशीर आहे.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. ऑफिसातले सगळे शनिवारी शूटिंग रेंजवर जाणार आहेत. बंदूक विकत घेणार नाही, फक्त दहा-वीस गोळ्या मारून बघायच्या. काय हरकत आहे? (प्लॅनो)

हरकत आहे, आणि ती तुमचं सगळं भविष्य पणाला लावणारी आहे. फेडरल कायद्याच्या कलम ९२२ नुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, पर्यटकांचा बी-२ सगळे त्यात आले. ‘बाळगणं’ म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरलं की बाळगणंच झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे.

कुणाला कळणार, असं म्हणू नका. फ्लोरिडात शिकायला आलेला एक परदेशी विद्यार्थी कॉलेजातून काढला गेला, पण देशात राहिला. रेंजवर जाऊन त्याने गोळ्या झाडल्या आणि त्याच्यावर खटला झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१९ च्या, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेहाइफ निकालात कोर्ट म्हणालं की आपला इमिग्रेशनचा दर्जा आरोपीला माहीत होता, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तुमच्या पासपोर्टवर तुमचा दर्जा छापलेला आहे. तुम्हाला या निकालाचा आधार मिळणार नाही.

या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला लोकांना ऐकून माहीत असतो तो असा, की एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर ही बंदी लागू होत नाही. तो खरा आहे. पण त्याच्यावर विसंबून कुणी रेंजवर गेलं आणि परवान्याची मुदत संपलेली निघाली, तर? आधी वकील, मग परवाना, मग रेंज. आणखी एक गोष्ट. ग्रीन कार्डाच्या आय-४८५ फॉर्मवर शस्त्रांचं प्रशिक्षण कधी घेतलंय का, असा थेट प्रश्न आहे. तिथे खोटं लिहिलं की तो वेगळाच गुन्हा.

याच ओघात ह्यूस्टनच्या एका ताईंचा प्रश्न घेते. नवरा नागरिक, त्याचं पिस्तूल घरात, त्या स्वतः एच-४ वर, तर हे चालतं का? ताई, पिस्तूल तिजोरीत ठेवायला सांगा आणि तिजोरीचा आकडा किंवा किल्ली तुमच्याकडे असता कामा नये. हाताला येण्याजोगी वस्तूही कायद्याच्या भाषेत ‘जवळ’ असू शकते. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी उठते. घाई करू नका.

प्रश्न : मी नागरिक आहे, पेनसिल्व्हेनियाचा लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे. रोज कामाला न्यू जर्सीत जातो. पोलिसाने गाडी थांबवली तर पिस्तुलाचं आपणहून सांगायचं की गप्प राहायचं?

थांबा. त्याआधीचा प्रश्न असा की ते पिस्तूल घेऊन तुम्ही दोन राज्यांमधली नदी ओलांडून न्यू जर्सीत जाता का? न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई, तुमच्यासारखाच परवाना असलेली, न्यू जर्सीत किरकोळ कारणावरून अडवली गेली. तिने प्रामाणिकपणे पोलिसाला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला अटक झाली. तिथल्या कायद्यात ठरलेली किमान शिक्षा साडेतीन वर्षांची होती. देशभरच्या गनमालकांनी तिच्या खटल्यासाठी वर्गणी काढली, गवगवा केला आणि अखेर एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. सगळ्यांच्या मागे एवढं बळ उभं राहत नाही. तेव्हा पिस्तूल घरी ठेवा.

आता सांगायचं की नाही. मिशिगन, नॉर्थ कॅरोलिना, न्यू जर्सीत परवानाधारकाने आपणहून सांगायचं. ओहायोत २०२२ पासून विचारलं तरच. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि तुमच्या अंगावर पिस्तूल असेल, तर बाळगण्याचं लायसन काढलेलं असल्यास तेही सोबत दाखवायचं.

पण कायदा पाळूनही जीव गेल्याचं उदाहरण आहे आणि ते मी प्रत्येक अशिलाला सांगते. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. फिलांडो कॅस्टील, शाळेच्या भोजनगृहात काम करणारा ३२ वर्षांचा माणूस, बाळगण्याचा परवाना असलेला. पोलिसाने गाडी थांबवली आणि लायसन मागितलं. माझ्याकडे शस्त्र आहे, असं त्याने अदबीने सांगितलं. पोलीस म्हणाला, हात घालू नकोस. कॅस्टील आणि त्याची मैत्रीण दोघंही सांगत होते की तो बंदूक काढत नाहीये. सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. पोलिसाला पुढच्या वर्षी ज्यूरीने निर्दोष सोडलं.

म्हणून क्रम पाठ करा. गाडी बाजूला, इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. गाडीचे कागद पिस्तुलाच्या जवळ ठेवायचेच नाहीत. पाकीट उजव्या खिशात आणि पिस्तूलही उजव्या कमरेला, ही सवय आजच मोडा. तोंडातून पहिलं वाक्य ‘आय हॅव अ गन’ असं काढू नका. आधी परवाना असल्याचं सांगा, मग शस्त्र कुठे आहे ते, मग विचारा, मी काय करावं असं तुम्हाला वाटतं? तो सांगेपर्यंत हात हलवायचा नाही. पिस्तूल ‘दाखवायला’ काढायचं तर कधीच नाही. त्याला ते काढून घ्यायचं असेल तर घेऊ द्या.

गाडीच्या झडतीला संमती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘मी संमती देत नाही’ एवढंच शांतपणे म्हणा, पण त्याने तरी झडती घेतली तर आडवे येऊ नका. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर त्याचं उत्तर कोर्टात मागता येतं, आणि त्यासाठी तुम्ही घरी जिवंत पोचायला हवं.

प्रश्न : ओहायोत राहतो, नागरिक आहे. उघडं पिस्तूल कायदेशीर आहे, मग पोलीस नुसतं त्यावरून मला अडवू शकतात का? आपला रंग पाहून जास्त अडवतील, ही भीती खरी की मनाची?

पहिल्या भागाला तुमच्याच राज्याचा निकाल आहे. २०१० मध्ये टोलेडोत एक गृहस्थ कुटुंबासह कुत्र्याला फिरवायला निघाले होते, कमरेला उघडं पिस्तूल. कुणीतरी ९११ ला फोन केला, पोलिसाने त्यांना बेड्या घालून गाडीत बसवलं. सहाव्या सर्किट कोर्टाने (ओहायो ज्याच्या हद्दीत येतं त्या फेडरल अपील कोर्टाने) २०१५ मध्ये सांगितलं की जिथे उघडं बाळगणं कायदेशीर आहे तिथे नुसतं पिस्तूल दिसणं हा गुन्ह्याचा संशय होत नाही. पण दुसऱ्या एखाद्या योग्य कारणाने तुम्हाला थांबवलं, समजा सीटबेल्टसाठी, आणि तुमच्याकडे शस्त्र आहे हे पोलिसाला कळलं, तर तो अंगझडती घेऊ शकतो, असा चौथ्या सर्किटचा २०१७ चा निकाल आहे. ते सर्किट तुमचं नाही, पण ओहायोतही असंच होणार नाही, असं गृहीत धरू नका.

भीती मनाची नाही. उघड्या शस्त्रांच्या कायद्याचा इतिहासच ते सांगतो. १९६७ पर्यंत कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगता येत असे. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन, कायद्याची पुस्तकं हातात धरून, पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले. त्याविरुद्ध विधेयक आलं. २ मे रोजी हे तरुण सशस्त्र सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी बंदीच्या कायद्यावर सही केली. बंदूक तीच, पण ती कुणाच्या हातात आहे यावरून राज्याचं मत बदललं.

माझा सल्ला स्पष्ट आहे. स्वसंरक्षणासाठीच बाळगायचं असेल तर प्रशिक्षण घ्या, परवाना काढा आणि झाकून ठेवा. उघडं पिस्तूल पाहणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी ठरवतो आणि ते तुमच्या हातात राहत नाही. तुमचा हक्क मी कोर्टात जीव तोडून लढेन, पण फुटपाथवर तो तपासून बघू नका.

प्रश्न : माझ्या सहकाऱ्याच्या गन क्लबने दोन गोष्टी काढल्यात. पोलिसांनी चुकीने पकडलेल्या एका सभासदाच्या खटल्यासाठी वर्गणी, आणि रायफलचं बक्षीस असलेली लॉटरी. मी एच-१बी वर. पैसे देऊ का? तिकीट घेऊ का? (डॅलस)

वर्गणी द्यायला तुमचा व्हिसा आड येत नाही. पण ज्या खात्यात पैसे जातात ते वकिलाचं ट्रस्ट खातं (अशिलांचे पैसे वेगळे ठेवण्याचं) आहे, की कुणाचं खासगी, हे आधी विचारा. खटला मिटला आणि पैसे उरले तर कुठे जाणार, हे लेखी मागा. एका ठरावीक व्यक्तीसाठी दिलेल्या पैशावर कर-सवलत मिळत नाही. संस्था नोंदणीकृत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर देणगीवर मिळते, लॉटरीच्या तिकिटावर तरीही नाही.

अशा वर्गण्यांना मी नावं ठेवत नाही. नागरी हक्कांचा दावा चालवायला पैसा लागतो, टेक्सासमध्ये तो दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि एकट्या पगारदाराला ते झेपत नाही. पण हिशेब मागणं हे देणाऱ्याचं काम आहे. १८७१ पासूनची नॅशनल रायफल असोसिएशन, जिच्या नावाने गावोगावी मेजवान्या आणि लिलाव होतात, तिचेच माजी प्रमुख वेन लापिएर यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल दोषी धरलं आणि ४३ लाख डॉलरहून जास्त परत करायला लावले. ते पैसे साध्या सभासदांच्या वर्गणीतून आलेले होते.

ऑनलाइन वर्गणीचं वेगळं. हिंसक गुन्ह्याचा आरोप असलेल्याच्या बचावासाठी गोफंडमी पैसे गोळा करू देत नाही. २०२० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशात दोघांना मारणाऱ्या काइल रिटनहाउसच्या नावाची आवाहनं तिथून काढली गेली आणि पैसा दुसऱ्या मंचांवर वळला. पुढे ज्यूरीने त्याला सोडलं.

तिकिटाचं म्हणाल तर घेऊ नका. बक्षिसाची रायफल सहसा परवानाधारक विक्रेत्यामार्फत दिली जाते. विजेत्याने स्वतः बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यावर नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न आहेत, मग पार्श्वभूमीची तपासणी. तुम्ही तिथेच अडकाल. ‘मग मित्राच्या नावावर भरू’ हा विचार मनातही आणू नका. बंदी असलेल्या माणसासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा २०२२ पासून स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. क्लबला मदतच करायची असेल तर तेवढ्या रकमेची देणगी द्या, पावती घ्या.

प्रश्न : आमचं मंडळ शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणेशोत्सव करतं. काही कार्यकर्ते म्हणतात, सुरक्षेसाठी आम्ही उघडी पिस्तुलं लावून दारात उभे राहतो. परवानगी द्यावी का? (टेक्सास)

नाही. शाळेच्या इमारतीत शस्त्र नेणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, सभागृह रविवारी तुम्ही भाड्याने घेतलं असलं तरी. त्याशिवाय शाळेभोवतीच्या हजार फुटांत बंदुकीला मनाई करणारा फेडरल कायदा आहे.

आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हणाले असते. जुलै २०१६ मध्ये डॅलसच्या मोर्चात हल्लेखोराने पाच पोलिसांना मारलं, तेव्हा मोर्चात वीसहून अधिक माणसं उघड्या रायफली घेऊन आलेली होती. पोलिसांना कोण कोण ते कळेना. त्यातल्या एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनीच संशयित म्हणून जगभर पाठवला. ढोल-ताशांच्या गजरात, दोन-तीनशे मुलं हॉलमध्ये असताना, तुमचा कार्यकर्ता हातात पिस्तूल घेऊन धावला तर बाहेरून आलेला पोलीस त्याला कार्यकर्ता म्हणून ओळखणार नाही.

वर्गणी सुरक्षेसाठीच काढा. स्थानिक पोलीस खात्याकडे सुट्टीवरचे पोलीस तासाच्या दराने मिळतात, दोन जण आरतीपासून प्रसाद संपेपर्यंत पुरे. ५०१(सी)(३) नोंदणी असेल तर फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती-निवारण संस्थेच्या) ‘नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट’साठी राज्यामार्फत अर्ज करता येतो, त्यातून कॅमेरे आणि दारं बसवता येतात. पण हे पैसे तुमचं मंडळ जिथून कायम चालतं त्या जागेसाठी असतात, एखाद्या दिवसापुरत्या भाड्याने घेतलेल्या सभागृहासाठी नाहीत. शाळेशी करार करताना विम्याचं प्रमाणपत्र लागेलच, त्यात सुरक्षारक्षकांचा उल्लेख करून घ्या आणि पोलिसांची नावं शाळेच्या ऑफिसला आठवडाभर आधी कळवा.