भट्टी बंद, तरी धग चालूच

प्रश्न : एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात कोळसा थांबवला की बॉयलर निवतो. मग बंद केलेल्या अणुभट्टीचा एवढा धसका का? आणि यापुढच्या अणुभट्ट्यांच्या आराखड्याबद्दल आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतात?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची क्रिया, थांबलं तरी इंधनात साठलेले किरणोत्सारी अंश उष्णता सोडतच राहतात. गुजरातमधल्या काक्रापारच्या ७०० मेगावॉट विजेच्या अणुभट्टीत साधारण २,१०० मेगावॉट उष्णता तयार होते. बंद केल्याक्षणी तिच्यातली सहा-सात टक्के उरते, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा. अर्धा टक्का म्हणजेही दहा मेगावॉट! ती बाहेर काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. घोडं तिथेच पेंड खातं.

जपानच्या फुकुशिमात २०११ साली पंपांना आणीबाणीत वीज देणारे बहुतेक डिझेल जनरेटर तळमजल्यांवर होते. त्सुनामीचं पाणी शिरलं आणि ते एकदमच गेले. सहाव्या युनिटचा एक जनरेटर उंचावर होता, हवेने थंड होणारा. तो टिकला, म्हणून पाचवं-सहावं युनिट वाचलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात १९९३ साली टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबलींवरून पसरली. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबली पुरेशा अलग नव्हत्या. सुमारे सतरा तास वीज नव्हती. आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत (भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या टाक्यांत) पाणी सोडून भट्टी थंड ठेवावी लागली.

म्हणून जनरेटर किती, हा प्रश्न आमच्या मते दुय्यम. ते एकाच कारणाने एकदम बंद पडतील का, हा खरा. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची 'एसएसआर-२/१' ही आराखड्याची मानकं २०१६ मध्ये सुधारली, त्यांचा रोखही हाच. संरक्षणाचे पाच थर (एक फसला तर पुढचा सावरेल असे) शक्य तितके एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. इंधन वितळण्यापर्यंतच्या अपघाताचा विचार आराखड्यातच करायचा. बाहेरून आणलेला जनरेटर किंवा पंप जोडायला तयार जोडण्या ठेवायच्या. प्रत्यक्ष बांधकामात याचा अर्थ वेगळ्या खोल्या, वेगळे केबलमार्ग, आणि केबल भिंतीतून जाते ते भोक अग्निरोधक मसाल्याने बुजवलेलं. हे शेवटचं काम किरकोळ वाटतं, पण आग पसरते ती अशाच भोकांतून.

काक्रापारच्या नव्या भट्ट्यांत पंपाविना चालणारी सोयही आहे : वाफ उंचावरच्या टाकीतल्या नळ्यांत जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि ते उताराने परत येतं. मात्र टाकीतलं पाणी उकळून कमी होत जातं, त्यामुळे ती पुन्हा भरायची तजवीज लागतेच.

प्रश्न : ही मानकं भारतावर बंधनकारक आहेत का?

उत्तर : आपोआप नाहीत. सुरक्षेची मंजुरी देते अणुऊर्जा नियामक परिषद, आणि तिच्या स्वतःच्या संहिता पाळाव्याच लागतात.