फेफरे, विहीर आणि कोंबडा

प्रश्न : वेल्समध्ये फेफऱ्यावर एका चर्चच्या विहिरीचा उपाय करत, असे ऐकले. नेमके काय करत?

उत्तर : हे लान्डेग्ला गाव, संत टेग्लाची विहीर. तिथे फेफऱ्याला ‘टेग्लाचा रोग’च म्हणत. १८व्या शतकात वेल्सचे निसर्ग-अभ्यासक आणि प्रवासवर्णनकार टॉमस पेनंट यांनी हा विधी नोंदवला. सूर्यास्तानंतरच सुरुवात. रोग्याने विहिरीत हातपाय धुवायचे, चार पेन्स टाकायचे, तीन फेऱ्या घालत ‘प्रभूची प्रार्थना’ तीनदा म्हणायची. सोबत टोपलीत पुरुषासाठी कोंबडा, बाईसाठी कोंबडी. मग तशाच फेऱ्या चर्चभोवती. रात्री वेदीच्या मेजाखाली, उशाला बायबल, अंगावर गालिचा. पहाटे सहा पेन्स ठेवून निघायचे, पक्षी चर्चमध्येच. तो मेला, तर रोग त्याच्यात गेला!

गुण आल्यासारखे का वाटे? फेफऱ्याचे झटके बहुधा आपोआप थांबतात आणि दोन झटक्यांत कधी महिने जातात, श्रेय विहिरीला. उलट अपुरी झोप झटक्याला निमंत्रण देते, म्हणून मेजाखाली अशी अर्धवट झोपेची रात्र रोग्याला घातकच ठरू शके. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर तडक रुग्णालय गाठा.