स्पॅगेटीवर गाबोळी?

प्रश्न : ताई, मुलगा पुण्याला असतो, तो आम्हाला जपानी-इटालियन पास्ताच्या हॉटेलात नेणारे. मेनूत माशाची अंडी घातलेली स्पॅगेटी आहे म्हणतो. हे खरंच असतं की उगाच फॅशन? आणि आमचे हे श्रावणात मासे खात नाहीत, त्यांनी काय मागवायचं? – एक वाचक, मालवण

उत्तर : अहो खरंच असतं, आणि नवीन तर अजिबात नाही, टोकियोत 1960च्या दशकापासून लोक ते खातायत. पोलॉक माशाची खारवलेली गाबोळी बटरमध्ये कालवून गरम स्पॅगेटीला लावतात, वर नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, बारीक काड्या, बस. तिखट हवं तर मेंताइको मागा, तीच गाबोळी पण मिरची लावलेली. गाबोळीवर वाढलेल्या मालवणकरांना जड जाऊ नये, फक्त ती शिजवलेली नसते हे आधीच सांगून ठेवते.

यजमानांचं मात्र जपून हं. मश्रूम आणि सोया-बटरचा पास्ता दिसायला व्हेज, पण त्यात दाशी असू शकते, म्हणजे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवून धुरी दिलेल्या माशाच्या कापट्या यांचं पाणी. वेटरला सरळ विचारा, वरून कापट्या भुरभुरतात त्याही नको म्हणा.

घरी करायचं तर बाजारातली गाबोळी कच्ची वापरू नका, मीठ-हळद घालून उकडा, कुस्करा, बटरवर परता, सोया सॉस अगदी थेंबभर, नाहीतर खारट ढोण होतं. वर लिंबू पिळा. चीज मी तरी घालत नाही.