फॉर्म्युला येतो पण समजत नाही, मी ढ आहे का?

परीक्षा जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, गणितं सुटतात पण कळत काहीच नाही, लाईनच चुकली बहुतेक." आणि खोदून विचारलं की बऱ्याचदा रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे सूत्रातला 'के', निघतं.

असाच एक मुलगा, ओळख बदललीये. भेटी बऱ्याच झाल्या, मुद्द्याचं तेवढं सांगते.

"नक्की काय कळत नाही?"

"सगळंच."

"सगळंच नसतं रे. वर्गात विचारायची लाज वाटली असा एक प्रश्न सांग."

बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "सगळा एरिया ॲक्सिसपासून 'के' अंतरावर ठेवला तरी मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे एरियाचा प्रत्येक तुकडा गुणिले त्याच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज, तेवढाच राहतो म्हणतात. पण सेंट्रॉइडमधून, म्हणजे आकाराच्या मध्यबिंदूतून, जाणारा ॲक्सिस घेतला तर दोन्ही बाजू सारख्याच ना, मग के शून्य नको यायला?"

मी स्वतः मेकॅनिकल करून इकडे वळलेली, मला टाळीच द्यावीशी वाटली. हा प्रश्न ढ मुलाला पडतच नाही! सेंट्रॉइड काढताना प्लस-मायनस अंतरं कटतात, इथे अंतराचा वर्ग असतो, तो मायनस होत नाही मग कटणार काय. आयताला के येतो उंची भागिले √12, म्हणजे उंचीच्या साधारण 0.29 पट, चिन्ह सोडून नुसती सरासरी काढली तर 0.25, कारण वर्ग केला की लांबच्या भागाचं वजन वाढतं.

मग टेबलावरची पट्टी दिली, 3 सेंमी रुंद, 3 मिमी जाड. उभी धरून वरून दाब म्हटलं. ती जाडीच्या दिशेनेच वाकली. त्याने स्वतःच वहीत काढलं, एकीकडे के 8.66 मिमी, दुसरीकडे 0.87, एरिया तोच. "म्हणजे कॉलम कमी के असलेल्या बाजूला बकल होतो, दाबाने असाच वाकतो?" हो बाबा, म्हणून तर लांबीला सगळ्यात लहान के ने भागून स्लेंडरनेस रेशो, म्हणजे कॉलम किती सडपातळ ते, काढतात.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची, त्यामुळे माझं लक्ष विषयापेक्षा 'पहिल्या फटक्यात कळलंच पाहिजे, नाहीतर मी बेकार' या हट्टावर होतं. त्या हट्टापायी प्रश्न दाबला जातो आणि पाठांतर उरतं. म्हणून पोरांनो, 'कळत नाही' ऐवजी नेमका अडलेला प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा, कितीही येडा वाटू दे, आणि तेवढाच घेऊन सरांकडे जा. आणि के लिहिताना कुठल्या ॲक्सिसभोवती ते आधी लिहा, त्याच आयताला तळाशी ॲक्सिस घेतला की √12 चं √3 होतं.