मुलगी सोळाची झाली, पुण्यात क्लासला अ‍ॅक्टिव्हा नेऊ शकते का?

नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं खरं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीने. तसली गाडी आता शोरूममध्ये शोधूनही सापडत नाही, अ‍ॅक्टिव्हा तर ११० सीसीच्या घरातली. म्हणजे अठरापर्यंत थांबा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ कडक आहे: अठराच्या आतल्या मुलीने अशी गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘इथे कोपऱ्यावरच तर जायचंय’ हे चौकातल्या हवालदाराला सांगून बघा!

२५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किमीच्या आत धावणारी ई-स्कूटर मात्र लायसन्सशिवाय चालते. हेल्मेट तरीही घालायला लावा.