माझे काम सहकारी मैत्रिणीच्या नावावर का नोंदले जाते?

प्रश्न : अंधेरीच्या एका कंपनीत मी आणि माझी मैत्रीण दोन पाळ्यांत एकाच लिनक्स संगणकावर, एकाच लॉगिनने काम करतो. प्रोग्रामच्या फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘सबव्हर्जन’मधले माझे सगळे कमिट (म्हणजे नोंदवलेले बदल) महिनाभर तिच्या नावावर गेले. मला पासवर्ड कधी विचारलाच नाही. तिचा पासवर्ड राहतो कुठे आणि तो मला दिसू शकतो का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : बहुधा दिसू शकतो, म्हणून हे उत्तर तिला आजच दाखवा. सर्व्हरने पासवर्ड स्वीकारला की सबव्हर्जन तो होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट सबव्हर्जन’ फोल्डरात, ‘ऑथ’च्या आत साठवते आणि पुढे न विचारता तोच वापरते. तिथल्या फाइलचे ३२ अक्षरी, निरर्थक नाव पाहून आतला मजकूरही सांकेतिक असेल असे वाटते. पण किरिंगची, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या तिजोरीची, सोय नसेल, तर ‘पासवर्ड’ या शब्दाखाली एक आकडा आणि त्याखाली पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे पासवर्डची लांबी. २०१९च्या १.१२ आवृत्तीपासून असे उघडे साठवणे मुळातच बंद असले, तरी आधी साठवलेला पासवर्ड वापरला जातोच.

ही फाइल फक्त संगणकावरच्या त्या खातेधारकालाच वाचता येते हे खरे. पण तुमचे खातेच एक असल्यामुळे त्या बंदोबस्ताचा उपयोग नाही, आणि बॅकअपच्या डिस्कवर फाइलच्या प्रती गेल्या असतील त्या वेगळ्याच. म्हणून नुसती फाइल पुसून भागणार नाही. मैत्रिणीने आधी पासवर्ड बदलावा, मग फाइल काढावी, आणि संगणकावरची दोघींची खाती वेगळी होईपर्यंत प्रत्येक कमिटला ‘नो-ऑथ-कॅश’ हा पासवर्ड न साठवण्याचा पर्याय द्यावा. वेगळी खाती मागताना संकोच करू नका.

सबव्हर्जनसारखेच काम करणारे ‘गिट’ वापरणाऱ्यांनीही आपली सेटिंग पाहावी. त्यातला ‘कॅश’ हा मदतनीस पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डऐवजी चालणारी सांकेतिक अक्षरे) फक्त मेमरीत, एरवी ९०० सेकंद ठेवतो; ‘स्टोअर’ मात्र तेच फाइलमध्ये उघडे आणि बेमुदत लिहून ठेवतो. सामाईक संगणकावर ‘स्टोअर’ वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला तुमच्या महिनाभराच्या कामाचा प्रश्न. जुन्या कमिटवरचे नाव बदलता येते, पण सर्व्हर तशी परवानगी एरवी देत नाही. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडूनच, कमिटचे क्रमांक लेखी देऊन करून घ्या.