लुथरन पास्टर, त्यांचा कॅम्प आणि तुमच्या सासूबाई

तुमचे प्रश्न दोन आहेत, पण माणूस एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देते. शेजारचे लुथरन पास्टर, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू, चाळीस वर्षांच्या सेवेनंतर यंदा निवृत्त होतायत, त्याआधी शेवटचा उन्हाळी कॅम्प घेतायत, आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला मित्राबरोबर त्यात जायचंय. दुसरं, सासरे गेल्यापासून गप्प झालेल्या सासूबाईंबद्दल ऐकून तेच पास्टर म्हणाले की "मी अधूनमधून येऊन बसत जाऊ का?" आणि दोन्हींमागे तुमची धास्ती एकच: हे सगळं हळूहळू धर्मांतराकडे तर नाही ना जाणार?

मी मूळची नगरची. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथला एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची अठरा हॉस्पिसमध्ये, म्हणजे जिथे बरं करण्याचे उपचार थांबलेले असतात आणि माणसाच्या वेदना कमी करत त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं असतं. तिथे एका लुथरन पास्टरांबरोबर मी वर्षानुवर्षं काम केलं. ते स्वतःचं चर्च सांभाळून आठवड्यातले दोन दिवस आमच्याकडे यायचे. त्यांच्या कॅम्पवर नर्स म्हणून दोन उन्हाळे जाऊनही आले. तुमचे पास्टर ते नव्हेत, पण या माणसांचं आयुष्य कसं घडतं ते मी जवळून पाहिलंय.

आमच्या नगरला ख्रिस्ती शेजारी पास्टरांना 'पाळकसाहेब' म्हणायचे. 'पास्टर'चा लॅटिनमधला अर्थही तोच, मेंढपाळ. हे कॅथलिक फादर नव्हेत. लुथरन पास्टर संसारी असतात. ज्याच्यावरून या पंथाला नाव पडलं त्या खुद्द मार्टिन लूथरनं १५२५ मध्ये लग्न केलं होतं. बायकाही पास्टर असतात, पण सगळीकडे नाही, आणि हा फरक तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेत लुथरनांच्या दोन मोठ्या संस्था आहेत. 'इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका' ही १९८८ मध्ये तीन चर्चसंस्था एकत्र येऊन झाली. त्यातल्या दोन मोठ्या संस्थांनी १९७० मध्येच स्त्रियांना पास्टरपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली होती. दुसरी 'मिसूरी सिनॉड', जुन्या वळणाची, तिथे स्त्रिया पास्टर होत नाहीत. तुमचे शेजारी कुठले ते आधी विचारा. धर्मप्रसारक म्हणून कानावर आलेला 'इव्हँजेलिकल' शब्द नावात आहे म्हणून घाबरू नका, जर्मनीत त्या शब्दाचा अर्थ साधा प्रोटेस्टंट असाच आहे.

शिक्षण पदवीनंतर साधारण चार वर्षांचं. त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष चर्चमध्ये उमेदवारी, आणि शिवाय बहुतेकांना चारशे तासांचं एक प्रशिक्षण, जे बऱ्याचदा हॉस्पिटलमध्ये होतं. या पद्धतीची सुरुवात १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बोइसेन यांनी केली. ते लुथरन नव्हते, पण सगळ्यांनीच ती पद्धत उचलली. बोइसेन स्वतः मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहून आलेले होते, म्हणून त्यांचा आग्रह असा की पुस्तकं वाचता तसं समोरचं दुखावलेलं माणूस वाचायला शिका. आमच्या पास्टरांनी मला त्या काळातली वही दाखवली होती. रुग्णाशी झालेलं बोलणं खोलीबाहेर आल्यावर आठवून शब्दन् शब्द लिहायचं, आणि मग गटात सगळ्यांनी ते फाडून बघायचं. एका पानावर त्यांच्या गुरूनं लाल शाईत लिहिलं होतं, "इथे ती रडणार होती. तू प्रार्थना सुरू केलीस. कोणासाठी?"

आमच्या पास्टरांना दीक्षा १९७९ मध्ये मिळाली. पहिली नेमणूक पश्चिम मिनेसोटात, मका-सोयाबीनच्या मुलखात, दोन छोट्या गावांची दोन चर्च मिळून एक पास्टर. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, बँका दारात येऊन कर्ज देत होत्या, शेतकऱ्यांनी जमिनी आणि ट्रॅक्टर घेतले. मग १९८० च्या जानेवारीत सरकारनं रशियाला धान्य विकणं बंद केलं, आणि त्याच वर्षअखेर बँकांचा व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. जमिनीचे भाव कोसळले, तारण कर्जापेक्षा कमी भरायला लागलं आणि लिलाव सुरू झाले. आत्महत्याही झाल्या. या तरण्या पोराला त्या वर्षांत अशा दोन अंत्यविधींत उभं राहावं लागलं.

लिलावाचं त्यांनी मला एकदा रात्रपाळीत सांगितलं होतं. अंगणात सगळी अवजारं ओळीनं मांडलेली, नांगरापासून पान्ह्यांपर्यंत. गावातलेच लोक बोली लावणार, कारण घेणारा दुसरा कोण? पास्टर त्या शेतकऱ्याला भेटायला गेले आणि समोर उभे राहून दोन वाक्यं बोलले, तर तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका." मग ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, लिलाव करणाऱ्याकडे तोंड करून, सकाळी नऊ ते दुपारी अडीच. काही बोलले नाहीत. आठवडाभरानं तो माणूस आपण होऊन चर्चच्या मागच्या दारानं आला, आणि त्याच्या खिशात काय होतं ते त्यानं टेबलावर ठेवलं. पास्टर त्याला त्याच रात्री गाडीत घालून सत्तर मैलांवरच्या हॉस्पिटलला घेऊन गेले. हा माणूस पुढे वीस वर्षं कॅम्पची लाकडं फोडायला यायचा. मी त्याला भेटलेय.

आता कॅम्प. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंड्री वॉटर्स म्हणून जंगल आहे, हजारावर तळी असलेलं. कनू नावाच्या अरुंद होडीतून एक तळं ओलांडायचं, मग होडी डोक्या-खांद्यावर उलटी घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. याला पोर्टाज म्हणतात. बहुतेक भागात मोटारबोट नाही, फोन लागत नाही. रात्री खाण्याची पिशवी अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून दोरीनं झाडाला उंच टांगायची. पोरं पहिल्या दिवशी डासांनी रडकुंडीला येतात आणि चौथ्या दिवशी परत यायला तयार नसतात.

माझा दुसरा उन्हाळा १९९९ चा. त्या ४ जुलैला तिथे असं वादळ झालं की काही मिनिटांत कोट्यवधी झाडं आडवी पडली. तीन आठवड्यांनी आमच्या तुकडीत तेरा वर्षांचा एक मुलगा आला, जो त्या दिवशी वडिलांबरोबर त्याच जंगलात होता. कोणाला काही झालं नव्हतं. पण रात्री वारा सुटला की हा तंबूतून बाहेर येऊन तळ्याकाठच्या खडकावर बसायचा. कॉलेजातली जी मुलं कॅम्पवर गटप्रमुख असतात त्यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पास्टरांनी त्याला काजळी धरलेलं पातेलं दिलं आणि स्वतः दुसरं घेतलं. दोघं पाण्याकडे तोंड करून वाळूनं घासत बसले. आम्ही सगळे वीस पावलांवर, नजरेच्या टप्प्यात. पाऊण तास झाला असेल. मुलाचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. त्या रात्री पास्टरांनी सगळ्यांचेच तंबू झाडांपासून लांब, उघड्या खडकावर लावून घेतले, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही. आणि कॅम्प संपल्यावर आईवडिलांना, मुलाच्या समोरच, म्हणाले की याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, हे माझ्या आवाक्यातलं नाही.

मी त्यांना विचारलं होतं की पातेलंच का. म्हणाले, होडीत पुढचा आणि मागचा, दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. पुढच्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही, आणि वल्ही मारायची असल्यानं हातही मोकळे नसतात. "पोरं तिथेच बोलतात. मोठीही."

हॉस्पिसमध्ये ते खुर्ची नेहमी पलंगाच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून ठेवायचे. आमच्याकडे साताऱ्याकडच्या एक आजी आल्या होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या आणि इथेच आजार निघाला. इंग्रजी येत नव्हतं. गळ्यात क्रूस घातलेला माणूस बघून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पास्टरांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी क्रूस काढून खिशात ठेवला आणि मला एवढंच विचारायला सांगितलं की "आत्ता तुमच्या घरी काय चाललं असेल?" आजी बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "दिवेलागण." ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत पेटवता येत नाही. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ चर्चच्या नाताळच्या सामानातला बॅटरीवरचा प्लास्टिकचा दिवा घेऊन आले. आजी म्हणाल्या, "तेल नाही, वात नाही, हा कसला दिवा!" पण रोज संध्याकाळी तो लावायला लावायच्या आणि हरिपाठ म्हणायच्या. पास्टर खिडकीकडे बघत ऐकत बसायचे. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं की "रामकृष्णहरी" मी म्हटलं तर चालेल का, त्यांच्या मुलाला विचारशील का? मुलगा हो म्हणाला.

सगळे पास्टर असे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्याच पंथाच्या एकानं, बेशुद्ध हिंदू रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवून घरच्यांना न विचारता मोठ्यानं प्रार्थना चालवली होती. मी लेखी तक्रार केली होती. रुग्णसेवेतल्या धर्मसेवकांच्या आचारसंहितेत आपला धर्म लादणं चुकीचंच मानलं जातं, आणि चांगला पास्टर ते मनापासून पाळतो. म्हणून माणूस बघा.

तर धर्मांतर. कॅम्प ख्रिस्ती आहे, हे आधी मान्य करा. सकाळी बायबल वाचतील, जेवणाआधी गाऊन आभार मानतील, रात्री शेकोटीपाशी येशूची गाणी होतील. तुमच्या मुलाच्या कानावर हे पडणारच. ते चालत नसेल तर पाठवू नका, नुसत्या निसर्गाच्या कॅम्पला पाठवा, त्यात वाईट काही नाही. पण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देऊन टाकतील ही भीती सोडा. लुथरनांकडे मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या संमतीनं, चर्चच्या मंडळींसमोर होतो. एवढं मात्र विचारा की हा 'कन्फर्मेशन कॅम्प' आहे का. तसा असेल तर त्यांच्या मुलांची धर्मशिक्षणाची तयारी तिथे चालते, लूथरचं १५२९ चं छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक शिकवतात, आणि तुमचं पोर कंटाळेल. होडीचा कॅम्प असेल तर पाठवा, माझं मत स्पष्ट आहे. एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नजरेआड राहणार नाही असा नियम आहे का, हे मात्र तोंडावर विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येईल त्याच्याकडे मूल पाठवू नका. गोमांस खात नसेल तर आधी लिहून द्या, आणि औषधं मूळ बाटलीतच नर्सकडे द्या, सुट्या गोळ्या आम्ही घेत नाही.

सासूबाईंचं. पास्टर मानसोपचारतज्ज्ञ नसतात. त्या जेवत नसतील, रात्र रात्र जाग्या असतील, किंवा "मलाही जायचंय" असं पुन्हा पुन्हा म्हणत असतील तर आधी डॉक्टरांकडे न्या. नुसतं गप्प होणं असेल तर येऊ द्या पास्टरांना. सासूबाई मराठीत बोलल्या तरी चालेल, दर वाक्याला तुम्ही दुभाषी होऊ नका. आणि भेट झाल्यावर "काय म्हणाल्या हो?" असं पास्टरांना विचारू नका. जीवावर बेतणारं काही नसेल तर ते सांगणार नाहीत, त्यांच्या चर्चचा तसा नियम असतो.

पहिल्या भेटीला दिवाणखान्यात समोरासमोर खुर्च्या मांडून, चहाचा ट्रे ठेवून बसवू नका. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत असतील तर तिथेच, त्यांच्या बाजूला खुर्ची ठेवा, आणि पास्टरांच्याही पुढ्यात एक ताट द्या.